डिमू बोर्गिरचा 'अब्राहाडाब्रा': ऑर्केस्ट्रा आला, रिफ कुठे गेली?

काळाकभिन्न (धागाकर्ता)

'सध्या काय ऐकताय' या धाग्यावर एका सदस्याने लिहिलं की डिमू बोर्गिरचा 'अब्राहाडाब्रा' हा सिंफॉनिक ब्लॅक मेटलमधला सर्वोत्तम अल्बम आहे. खाली लगेच चार-पाच '+१' पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांचा या संगीताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅक मेटल म्हणजे अतिवेगवान, काळोख्या वातावरणाचं हेवी मेटल; त्याला ऑर्केस्ट्राच्या धर्तीची जोड दिली की सिंफॉनिक. बँड नॉर्वेचा, १९९३ सालचा. नाव आइसलंडमधल्या मीवात्न तळ्याजवळच्या काळ्या लाव्हा खडकांवरून घेतलेलं. सुरुवातीचे दोन अल्बम नॉर्वेजियन भाषेत, मग १९९७ च्या 'एनथ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट'पासून इंग्रजी आणि मोठी रेकॉर्ड कंपनी. २००१ पर्यंत सिंफनीचा सगळा भार की-बोर्डवर होता. २००१ मध्ये गोथेनबर्ग ऑपेराचे वादक आले, २००३ च्या 'डेथ कल्ट आर्मागेडन'ला प्राग फिल्हार्मोनिक आली. २००९ मध्ये की-बोर्डवादक मुस्टिस आणि बासवादक-गायक व्होर्टेक्स दोघेही बाहेर पडले, आणि २०१० मध्ये हा अल्बम आला: नॉर्वेजियन रेडिओचा ऑर्केस्ट्रा (तिथे त्याला 'कोर्क' म्हणतात) आणि स्कोला कँटोरम हा गायकवृंद, मिळून शंभराच्या वर कलाकार. ऑर्केस्ट्राची बांधणी गाउटे स्टोरास यांची. 'डेथ कल्ट'लाही तेच होते.

आता माझा आक्षेप. ब्लॅक मेटलचा जीव ट्रेमोलो पिकिंगमध्ये आहे. एकच सूर इतक्या वेगाने छेडायचा की सुटे ठोके ऐकू येणं बंद होतं आणि सुराची एक सलग पट्टी तयार होते. त्या पट्टीतच रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारी चाल, असते, त्यातच भीती असते. नॉर्वेच्याच एम्परर या बँडचा १९९४ चा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' काढून ऐका. बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे खऱ्याखुऱ्या ऑर्केस्ट्राच्या घरात, पिट्टेन या ध्वनिमुद्रकाने तो रेकॉर्ड केला. पण ऑर्केस्ट्रा नाही, साधा की-बोर्ड आहे. तो गिटारमागे धुक्यासारखा पसरतो, आणि गिटार त्यातून वाट काढत येते. पोरं विशीच्या आतबाहेरची होती. तरी तो अल्बम 'अब्राहाडाब्रा'पेक्षा कितीतरी भव्य वाटतो.

'अब्राहाडाब्रा'त गिटारला कामच उरलेलं नाही. बँडचंच नाव असलेलं 'डिमू बोर्गिर' हे गाणं घ्या. चाल गायकवृंदाकडे, उठाव ब्रासकडे (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं), आणि गिटार खाली ठेका धरून बसलेली. बाकीचे आवाज बाजूला काढून फक्त गिटार ऐकायची कल्पना करा, गाणं ओळखू येणार नाही. 'डेथ कल्ट'मधल्या 'प्रोजेनीज ऑफ द ग्रेट अपोकॅलिप्स'मध्ये असं नव्हतं. तिथे ब्रास प्रश्न टाकतो आणि गिटार त्याला उत्तर देते, दोघांनाही बोलायला जागा आहे.

हे वाईट संगीत आहे असं मी म्हणत नाही. पण याला ब्लॅक मेटल म्हणायचं का, आणि सर्वोत्तम म्हणायचं का, यावर मतं हवी आहेत.

---

उत्तरध्रुव

पूर्णपणे असहमत. तो 'सर्वोत्तम'वाला प्रतिसाद माझाच होता, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

तुमची मोजपट्टी एकच दिसते: गिटार पुढे असेल तर ब्लॅक मेटल, मागे गेली की नाही. हे कोणी ठरवलं? १९९४ मध्येच डार्कथ्रोन या बँडने 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या यंत्रावर घरगुती पद्धतीने रेकॉर्ड केला, आणि त्याच वर्षी एम्पररने की-बोर्डचे थर रचले. एकाच देशात, एकाच वर्षी दोन टोकं. दोन्ही ब्लॅक मेटलच. म्हणजे पहिल्यापासूनच या संगीतात 'कमी करत जा' आणि 'वाढवत जा' अशा दोन वाटा होत्या. डिमू बोर्गिरने दुसरी वाट पकडली आणि शेवटपर्यंत चालून दाखवली. अर्ध्यात थांबले असते तर बरं झालं असतं, हे म्हणणं मला समजत नाही.

'गेटवेज' ऐकताना तुम्हाला काहीच होत नाही? अर्धं गाणं बँडचा गायक शाग्राथचा घोगरा, दगडी आवाज चाललेला असतो आणि अचानक पाहुणी गायिका आग्नेटे शोल्सरूद येते. तिचं गाणं ऑपेराचं नाही, गोडही नाही. गळ्यातून खरवडून काढलेला, चेटकिणीने मंत्र म्हणावेत तसा तो आवाज आहे. सिंफॉनिक मेटलमध्ये बाई आली की उंच स्वरात मधुर गायचं हा पायंडाच पडला होता. इथे बाईचा आवाज पुरुषाच्या आवाजापेक्षा जास्त भीतिदायक आहे. मागे स्ट्रिंग्स (व्हायोलिन, चेलोसारखी तंतुवाद्यं) चढत जातात आणि ती त्यांच्यावर स्वार होते. असं काही नाइटसाइडमध्ये नाही, असू शकलंही नसतं.

आणि शुद्धतेचा मुद्दा निघालाच आहे तर बोलू. जुने चाहते १९९६ च्या 'स्टॉर्मब्लोस्ट'ला डोक्यावर घेतात, तेव्हा बँड खरा होता म्हणतात. त्यातला पियानोचा तुकडा 'सोर्गेन्स कामेर' हा अमिगा संगणकावरच्या 'अ‍ॅगनी' या खेळाच्या संगीतातून उचललेला निघाला. मूळ संगीत टिम राइट यांचं. २००५ मध्ये अल्बम पुन्हा रेकॉर्ड केला तेव्हा तो तुकडा गाळावा लागला. उसन्या पियानोपेक्षा स्वतःच्या चाली शंभर माणसांकडून वाजवून घेणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

---

निशाचर

काळाकभिन्न यांना +१. 'अब्राहाडाब्रा' ऐकताना सिनेमाचा ट्रेलर ऐकतोय असं वाटतं. बरं, हे नुसतं वाटणं नाही. 'प्रोजेनीज' खरोखरच 'हेलबॉय' या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये वापरलं होतं. तेव्हाच वारं कुठे वाहतंय ते कळलं होतं.

---

मिक्सिंगवाला

मी स्टुडिओत काम करतो, मेटल बँडही रेकॉर्ड केले आहेत. आवडीनिवडीच्या आधी जरा तंत्राकडे बघू, कारण काळाकभिन्न यांना जे खटकतंय त्यामागे ठोस कारण आहे.

डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली गिटार ध्वनीच्या पट्ट्यात मधली सगळी जागा खाते. साधारण १०० हर्ट्झपासून ४-५ हजार हर्ट्झपर्यंत तिचा भराव असतो. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झची, चेलोची ६५ ची. म्हणजे स्ट्रिंग्सचा जवळजवळ सगळा संसार त्याच पट्ट्यात. मानवी आवाजही तिथेच आणि ट्रॉम्बोनही तिथेच. दोन आवाज एकाच जागेत आले की मोठा आवाज लहान आवाज गिळतो. मिक्स करणाऱ्यापुढे तेव्हा फार वाटा नसतात. गिटार खाली घ्यायची, नाहीतर ऑर्केस्ट्रा खाली घ्यायचा, नाहीतर दोघांनी आळीपाळीने बोलावं अशी चालच बांधायची. तिसरा मार्ग संगीतकाराच्या हातात असतो, मिक्सरच्या नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत ब्लास्ट बीट (ड्रमचा अखंड, अतिवेगवान ठेका) चालला आणि गिटार ठोक्याला चार सूर वाजवत असली तर सेकंदाला तेरा सूर होतात. ड्रमर आणि गिटारवाला ते करतो. पण तीस व्हायोलिनवादकांनी सेकंदाला तेरा सूर एकसारखे वाजवावेत ही अपेक्षा फोल आहे, आणि वाजवले तरी सभागृहाच्या घुमाऱ्यात त्यांचं पिठलं होतं. म्हणून बांधणी करणारा ऑर्केस्ट्राला लांब सूर देतो, किंवा अर्ध्या लयीत चालवतो. मग ऑर्केस्ट्रा नीट ऐकू यावा असं वाटलं की गाण्याचीच लय उतरते. 'अब्राहाडाब्रा'त मध्यम लयीची गाणी इतकी का आहेत याचं एक कारण मला हेच दिसतं. 'चेस विथ द अबिस' किंवा 'द डिमिअर्ज मॉलिक्यूल' ऐका, मग 'अ ज्युएल ट्रेस्ड थ्रू कोल' ऐका. वेग वाढला की ऑर्केस्ट्रा कसा मागे सरकतो ते कानांना स्पष्ट कळतं.

की-बोर्डला हा त्रास नसतो. त्याचा आवाज पातळ, सरळ रेषेत असतो, गिटारच्या फटीतून सहज निघतो. तेव्हा एम्पररचा की-बोर्ड 'भव्य' वाटण्यात पैशांच्या अभावाचाही हात आहे.

माझं मत? रेकॉर्डिंग म्हणून 'अब्राहाडाब्रा' अफाट मेहनतीचा अल्बम आहे. इतकी माणसं आणि इतका डबल बास ड्रम एकत्र असूनही शब्दन् शब्द कळतो. पण गिटारचा बळी दिला गेला आहे, यात वाद नाही.

---

उत्तरध्रुव

मिक्सिंगवाला, सुंदर प्रतिसाद. पण 'बळी' का म्हणायचं? वाद्यमेळात प्रत्येक वाद्याने कायम नायक असावं असं कुठे आहे?

---

काळाकभिन्न

कारण तेव्हा बँडमध्ये दोन गिटारवादक होते! सिलेनोझ आणि गाल्डर. गाल्डरची ओल्ड मॅन्स चाइल्ड या त्याच्या स्वतःच्या बँडमधली कामगिरी ऐकलेल्या माणसाला 'अब्राहाडाब्रा'त त्याला ठेका धरून बसवलेलं पाहवत नाही. एवढ्या ताकदीचा रिफ लिहिणारा माणूस आणि त्याला दिलंय काय?

---

ऑर्किडबाग

मी मेटल ऐकत नाही. मुलगा ऐकतो, त्याच्या खोलीतून येतं म्हणून हा धागा उघडला. एक शंका आहे, कृपया राग मानू नये. नॉर्वेच्या याच लोकांनी चर्चेस जाळली ना? मग चर्चमधल्यासारखा गायकवृंद यांच्या अल्बमवर गातो कसा? आणि सरकारी रेडिओ ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी वाजवतो कसा?

---

ऑस्लोकर

ऑर्किडबाग ताई, राग कसला, अगदी रास्त प्रश्न आहे. मी इथे राहतो म्हणून थोडं सांगतो.

जाळपोळ खरी आहे. बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जून १९९२ मध्ये जळलं, त्यानंतर आणखी जळली. एम्पररच्या लोकांना तुरुंगवास झाला: सामोथला जाळपोळीसाठी, ड्रमर फाउस्टला त्याहून भयंकर, एका खुनासाठी. हे लपवण्यासारखं नाही आणि सावरून घेण्यासारखंही नाही. डिमू बोर्गिरचं नाव मात्र त्या प्रकरणांत नाही. ते त्याच काळात उभे राहिले, पण त्यांचा रस्ता पहिल्यापासून संगीताचा आणि मंचाचा.

स्कोला कँटोरम हा ऑस्लो विद्यापीठातून निघालेला वृंद, १९६४ साली कनूट नीस्टेड यांनी स्थापन केलेला. नीस्टेड स्वतः धार्मिक वृंदसंगीताचे मोठे रचनाकार. त्यांच्या वृंदाने ब्लॅक मेटल गावं यात विरोधाभास आहेच. पण इथे तो फार कुणाला टोचला नाही, कारण तो व्यावसायिक दर्जाचा गायकवृंद आहे आणि समोर स्वरलिपी ठेवली की गातो. कोर्कचंही तेच. नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत वाजवलेला हा ऑर्केस्ट्रा. १९४६ पासून रेडिओसाठी पॉप, जॅझ, शास्त्रीय, सगळं वाजवत आलाय. २८ मे २०११ ला ऑस्लो स्पेक्ट्रम या सभागृहात बँड, कोर्क आणि वृंद एकत्र मंचावर आले.

मला या अल्बमची थोरवी तिथेच वाटते. जे संगीत १९९२ मध्ये या देशाला गुन्हेगारी वाटत होतं, ते वीस वर्षं व्हायच्या आत राष्ट्रीय ऑर्केस्ट्राच्या स्टँडवर स्वरलिपी होऊन बसलं. रिफ कमी असतील, पण ही घटना लहान नाही.

---

निशाचर

ऑस्लोकर, माहिती उत्तम, पण तुमचा शेवटचा परिच्छेद हाच माझा आक्षेप आहे. राष्ट्रीय ऑर्केस्ट्राच्या स्टँडवर बसलेलं ब्लॅक मेटल हे आता कुणाला घाबरवणार? चर्च जाळण्याचं समर्थन मी करत नाही, कदापि नाही. पण संगीतात धोका हवा. 'अब्राहाडाब्रा'च्या वेळच्या फोटोंमधले ते पांढरे, बर्फाळ पोशाखसुद्धा मला नाटकातल्या राजांचे वाटतात.

---

चौथीबैठक

मी पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन वाजवते, मेटल नवऱ्यामुळे ऐकायला लागले. एक वेगळा मुद्दा मांडू का?

इथे सगळे 'ऑर्केस्ट्रा विरुद्ध गिटार' असं लढताहेत. माझ्या कानाला त्रास वेगळाच होतो. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं फार साधं आहे. 'झिबिर', म्हणजे अल्बमची सुरुवात, ऐकायला देखणी आहे. पण पुढे बहुतेक गाण्यांत स्ट्रिंग्स एक तर लांब सूर धरतात किंवा गिटारचीच चाल वरच्या सप्तकात परत म्हणतात. मधल्या वाद्यांना, व्हायोला आणि दुसऱ्या व्हायोलिनना, स्वतःचं असं काही बोलायला नाही. शंभर माणसं आहेत पण ती चार-पाच आवाजांतच बोलतात. नव्वद माणसं कमी केली असती तरी पानावरचं संगीत तेच राहिलं असतं, फक्त आवाज लहान झाला असता.

याउलट ग्रीसचा सेप्टिकफ्लेश ऐका. त्यांचा गिटारवादक क्रिस्टोस अँटोनियू रीतसर रचनाशास्त्र शिकलेला आहे. प्रागच्या ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी २००८ मध्ये 'कम्युनियन' आणि २०११ मध्ये 'द ग्रेट मास' केला. तिथे ब्रास कर्कश, बेसूर वाटावेत असे गट करून आदळतात, स्ट्रिंग्स घसरत जातात. ऑर्केस्ट्रा स्वतःच आक्रमक आहे, गिटारला सजवायला आलेला नाही. रिफ वाजवणारा आणि ऑर्केस्ट्रा लिहिणारा एकच माणूस असला की हा फरक पडतो. (ते ब्लॅकपेक्षा डेथ मेटलकडे झुकतात हे मान्य.)

म्हणून मला वाटतं मुस्टिस जाण्याची किंमत इथे मोजावी लागली. तो बँडच्या आत बसून की-बोर्डवर विचार करणारा माणूस होता. गेल्यानंतर चालींच्या श्रेयाबद्दल त्याने जाहीर तक्रार केली होती. त्यात खरं-खोटं काय ते बँडचं बँड जाणे. पण बँडच्या १९९९ च्या 'स्पिरिच्युअल ब्लॅक डायमेन्शन्स'मधला पियानो ऐकला की बँडने काय गमावलं ते कळतं.

---

काळाकभिन्न

चौथीबैठक, माझ्या तक्रारीपेक्षा तुमची तक्रार जास्त खोल आहे. मी गिटारच्या बाजूने ओरडत होतो, तुम्ही सांगताय की ऑर्केस्ट्रावरही अन्याय झालाय.

---

उत्तरध्रुव

मला नाही पटलं. साधं लिहिणं म्हणजे कमी लिहिणं नव्हे. 'डिमू बोर्गिर' गाण्याची वृंदाची चाल लहान पोरगंही एकदा ऐकून गुणगुणेल. हजारो लोकांनी मैदानात एकत्र म्हणावी अशी ती बांधलेली आहे, आणि जर्मनीतल्या वाकेन या मेटल महोत्सवात २०१२ मध्ये तसंच झालं. तिथे कोर्क नव्हता, चेक नॅशनल सिंफनी होती, तरी गाणं तसंच उभं राहिलं. व्हायोलाला काय लिहिलंय हे मोजत बसलं तर अर्धं मेटल बाद होईल. सेप्टिकफ्लेश मलाही आवडतो, पण त्यांची एक तरी चाल झोपेतून उठवल्यावर म्हणून दाखवा.

---

ठाणेकर

इतका वेळ फक्त वाचत होतो. आपल्याकडचा एक संदर्भ द्यावासा वाटतो. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन, साहिल मखिजाचा बँड, २००० सालापासूनचा. ऑर्केस्ट्रा परवडण्याचा प्रश्नच नव्हता, सगळी सिंफनी की-बोर्डवर. २०१७ चा त्यांचा 'दशावतार' दहा अवतारांवर आहे, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक गाणं. तिथे रिफ कधीच हरत नाही, कारण गाणं गिटारवरच उभं आहे आणि की-बोर्ड त्याला रंग देतो. पैसा नसला की निवड करावी लागते आणि त्या निवडीतून बँडचा आवाज ठरतो. मिक्सिंगवाला यांनी एम्पररबद्दल जे लिहिलं तेच इथेही लागू.

'अब्राहाडाब्रा' मला आवडतो, पण पूर्ण अल्बम एका बैठकीत नाही. 'गेटवेज' आणि 'एंडिंग्ज अँड कंटिन्युएशन्स' परत परत. शेवटच्या गाण्यात पाहुणा गायक गार्म येतो तेव्हा खूप वेळाने कुणीतरी माणसाच्या आवाजात बोलल्यासारखं वाटतं.

---

निशाचर

ठाणेकर, 'दशावतार'साठी धन्यवाद, आज लावतो.

---

मिक्सिंगवाला

हा वाद मतांवर न ठेवता कानांवर सोडवायचा एक मार्ग आहे. ऑस्लोकरांनी उल्लेख केलेली ती २०११ ची मैफल, वाकेनसह, २०१७ मध्ये 'फोर्सेस ऑफ द नॉर्दर्न नाइट' या नावाने निघाली. त्यात 'मोर्निंग पॅलेस' आहे. हे १९९७ चं गाणं, की-बोर्डसाठीच लिहिलेलं, सुरुवातीची चाल सगळ्यांना पाठ. म्हणजे रचना तीच, रिफ त्याच, फक्त की-बोर्डसोबत खरा ऑर्केस्ट्रा आणि वृंद. 'अब्राहाडाब्रा'त रिफच कमी लिहिल्या होत्या की ऑर्केस्ट्राने त्या दाबल्या, हे इथे वेगळं करून ऐकता येतं. हेडफोन लावून आधी १९९७ चं ऐका, मग ऑस्लोचं.

---

काळाकभिन्न

दोन्ही लागोपाठ ऐकली. ऑस्लोच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीच्या चालीला स्ट्रिंग्सचं वजन आलंय, ते मान्य. अंगावर येतं. पण गायन सुरू झाल्यावर गिटारची चाल शोधावी लागते. १९९७ मध्ये ती शोधावी लागत नव्हती, ती तुम्हाला शोधत येत होती. तरीही गाणं टिकतं, कारण मुळात ते गिटार आणि की-बोर्ड यांच्या संवादावर रचलेलं आहे. 'अब्राहाडाब्रा'तलं एकही गाणं उलट्या दिशेने, म्हणजे चार माणसं आणि एक की-बोर्ड घेऊन, इतकं उभं राहील असं मला वाटत नाही.

---

उत्तरध्रुव

राहील. ते कायम शंभर माणसं घेऊन फिरत नव्हते. दौऱ्यांवर 'गेटवेज' आणि 'डिमू बोर्गिर' ऑर्केस्ट्राशिवायच वाजवली आहेत आणि लोकांनी घसा बसेपर्यंत म्हटली आहेत.

---

चौथीबैठक

पण तेव्हा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केलेला सोडतात ना मागून? मग ते चार माणसं आणि एक की-बोर्ड झालं नाही. खरंच नुसत्या की-बोर्डवर कुणी 'गेटवेज' वाजवलेलं असेल तर दुवा द्या, मला ऐकायचंय.